शत्रू पोचेपर्यंत

(निपाणी येथे स्मृतिव्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, "प्राणी एकमेकांशी कसे वागतात आणि कसे तगून राहतात." असा विषय मिळाला की वक्ता थेट आफ्रिकेत जातो. चित्ता, हरीण, पाठलाग, धूळ! टीव्हीवर ते आपण सगळ्यांनी इतक्यांदा पाहिलंय की त्या हरणाचं काय होणार हे आता लहान पोरंही आधीच सांगतात. निपाणीत उभं राहून तिकडची उदाहरणं देणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणून मी तंबाखूपासून सुरुवात करतो. या गावात तंबाखूविषयी बोलायला धाडस लागतं, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. दर, वखारी, तंबाखू-शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन यांवर मी बोलणार नाही. पानातल्या निकोटिनवर बोलणार आहे.

निकोटिन तयार होतं मुळांत आणि चढतं पानांत. माणसाला तलफ यावी म्हणून तंबाखूने ते केलेलं नाही. ते किड्यांच्या मज्जासंस्थेवर टाकलेलं विष आहे. अळीने पान कुरतडलं की झाड मुळांना निरोप धाडतं आणि निकोटिन वाढतं. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या इयन बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात रानटी तंबाखूवर वर्षानुवर्षं याचा अभ्यास केला. त्या गटात सागर पंडित होते, ते पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले. या मंडळींनी २०१४ साली एक गंमत दाखवून दिली. तिकडच्या तंबाखूवर मँड्युका नावाची जाडजूड हिरवी अळी असते. ती निकोटिन पचवते, बहुतेक सगळं शरीराबाहेर टाकते, पण थोडं रक्तात ठेवते. रात्री लांडगा-कोळी तिला चाचपायला आला की ती अंगावरच्या श्वासरंध्रांतून निकोटिनचा वास सोडते आणि कोळी झटकन मागे सरतो. अळीचं यासाठी लागणारं एक जनुक अभ्यासकांनी बंद पाडलं, तेव्हा कोळ्यांनी त्या अळ्या निवांत खाल्ल्या.

म्हणजे झाडाने अळीसाठी बनवलेलं विष अळीने कोळ्यावर उलटवलं. गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण त्याच शोधनिबंधात पुढे असं आहे की इतर काही शिकारी किड्यांना या वासाचं सोयरसुतक नव्हतं, ते अळी खातच राहिले. हत्यार एका शत्रूपुरतं होतं. आज मला जे सांगायचंय त्याची ही एक बाजू. कुठल्याही प्राण्याची तगून राहण्याची युक्ती कुणातरी ठरावीक दुसऱ्याच्या समोर घडलेली असते. तो दुसरा बदलला की युक्ती निकामी. दुसरी बाजू वेळेची. ती जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष कमी असतं.

आपल्याकडच्या तंबाखूवर येते ती पानं खाणारी अळी वेगळी, स्पोडोप्टेरा. तिचा पतंग रात्री उडतो, पानाखाली अंड्यांचा पुंजका घालतो आणि वर आपल्याच अंगावरची तपकिरी लव चिकटवतो. सोयाबीन, भुईमूग, मिरची, हिला काहीही चालतं. या पतंगाच्या घराण्याला कान असतात, छातीच्या मागच्या बाजूला. प्रत्येक कानात ऐकण्याच्या पेशी फक्त दोन. त्या दोन पेशींवर पतंगाचा जीव अवलंबून असतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात केनेथ रोडर यांनी हे तपासलं. वटवाघळाचा आवाज दुरून आला तर पतंग दिशा बदलून निघून जातो. जवळून आला तर पंख मिटून दगडासारखा खाली पडतो किंवा वेडीवाकडी गिरकी घेतो. हा सगळा व्यवहार निमिषात उरकतो.

इथे आपल्या बेळगाव जिल्ह्यातला एक प्राणी येतो, आणि तो जगप्रसिद्ध आहे हे आपल्यालाच माहीत नाही. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ, भीमगडच्या जंगलात, बारापेडेच्या गुहा आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्या पाहणीत एस. एच. प्रेटर यांना या गुहेत मोठ्या कानांचं एक वटवाघूळ मिळालं. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन छापलं आणि पाहणीचा किल्ला लढवणारे वनाधिकारी रॉटन यांचं नाव त्याला दिलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं ही जात जगात दुसरीकडे कुठे सापडली नव्हती. नंतर ती कंबोडियात आणि मेघालयात मिळाली.

त्याची शिकारीची पद्धत अशी. पतंगाचे कान साधारण वीस ते पन्नास किलोहर्ट्झच्या आवाजाला तयार असतात, कारण बहुतेक वटवाघळं त्याच पट्टीत ओरडतात. रॉटनचं वटवाघूळ त्याखालच्या पट्टीत ओरडतं, इतक्या खाली की तरुण माणसाच्या कानालाही ते ऐकू यावं. पतंगाला ते उशिरा कळतं. आफ्रिकेतलं याचं भावंड तर बहुतांशी पतंगांवरच जगतं. पण फुकट काही मिळत नाही. खालच्या पट्टीच्या आवाजाने बारीकसारीक वस्तू नीट उमगत नाहीत, त्यामुळे झाडीत घुसून शिकार जमत नाही. उंच मोकळ्या हवेत, वेगात उडावं लागतं. त्यासाठी पंख लांब आणि अरुंद. असे पंख घेऊन जमिनीवरून उठता येत नाही, उंचावरून झेप घ्यावी लागते. म्हणून राहायला उंच छताची गुहा हवी. पतंगाचा कान चुकवायला निघालेला प्राणी शेवटी एका गुहेच्या छताला बांधला गेला. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्यातल्या वाघ-अस्वलांची नावं पर्यटकांना पाठ असतात. बारापेडेची आठवण निघत नाही. निघत नाही तेच बरं, असंही कधीकधी वाटतं. गर्दी आणि टॉर्च त्या प्राण्याला सोसणारे नाहीत.

आता उसाकडे वळतो, कारण तंबाखूची बरीच जमीन उसाखाली गेली आणि आपल्या भागाची खरी शाळा उसाच्या फडातच भरली.

२००२ चा पावसाळा इथल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याला विसरता येणार नाही. जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानाखाली कापसासारखं पांढरं काहीतरी दिसू लागलं. लोकरी मावा. काही आठवड्यांत तो कृष्णा ओलांडून बेळगाव, बागलकोट, विजापूरच्या उसात पोचला. जुना कीटक, पण आपल्याला नवा. जावा बेटावरच्या उसावर १८९७ मध्ये त्याचं वर्णन झालेलं, आणि आपल्या ईशान्येकडेही तो आधीपासून होता.

माव्याची ताकद त्याच्या पैदाशीत आहे. मादीला नर लागत नाही. अंडीही घालावी लागत नाहीत, पिल्लं जिवंतच बाहेर येतात, आणि तीही मादीच. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना चिकटून सगळं कुटुंब रस शोषत बसतं. शोषलेल्यातला जास्तीचा गोडवा मागच्या बाजूने खालच्या पानावर गळतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि अख्खा फड काजळी धरल्यासारखा दिसायला लागतो. वरचं पान खालून पांढरं, खालचं पान वरून काळं. ज्याने तो फड पाहिला त्याला दुसऱ्या वर्णनाची गरज नाही. त्याच सुमाराला दुष्काळाची दोन वर्षं आली, आणि महाराष्ट्राचं साखर उत्पादन दोन हंगामांत निम्म्याहून खाली गेलं. किती दुष्काळाने आणि किती माव्याने, हा वाद कारखान्यांच्या सभांतून तेव्हा खूप रंगला.

या मऊ, दुबळ्या दिसणाऱ्या किड्याला शिपाई असतात. माव्याच्या काही जातींत लढणारी पिल्लं असतात हे जपानच्या शिगेयुकी आओकी यांनी १९७७ मध्ये दाखवलं. उसाच्या लोकरी माव्यातही पहिल्या अवस्थेतल्या पिल्लांना डोक्यावर बारीक शिंगं असतात. एखाद्या माव्याला शत्रूने धरलं की तो एक थेंब सोडतो. त्या वासाने आसपासचे काही जण पळू लागतात आणि काही जण शत्रूकडे धावून जातात. पळायचं की लढायचं हे वयावर ठरतं. लहान ते लढतात. हे वाचून मला पहिल्यांदा जरा कसंतरीच वाटलं, पण त्यामागे हिशेब आहे. सगळी एकाच आईची हुबेहूब नक्कल असल्यामुळे एक पिल्लू मेलं आणि पंचवीस वाचली तर त्याचा वंश बुडत नाही.

शत्रूही तयारीचे होते. त्यातला मुख्य डिफा, पूर्वीचं नाव कोनोबाथ्रा, आणि आपले लोक अजून कोनोबाथ्राच म्हणतात. हा पतंग आहे. पतंगाच्या अळ्या म्हटलं की आपण पान खाणाऱ्याच धरतो, ही मांस खाणारी. मी वर्गातल्या पोरांना घेऊन फडाच्या बांधावर बसायचो, पान उलटं करायचो आणि भिंग द्यायचो. सुरुवातीला काही दिसत नाही. नुसती पांढरी लोकर. मग लोकरीच्या मधोमध रेशमाची विस्कटलेली जाळी दिसते, तिला माव्याची वाळकी कातडी चिकटलेली. जाळीच्या खाली हिरवट-तपकिरी अळी, अर्धी झाकलेली. ती डोकं बाहेर काढते, जवळचा मावा धरते, आत ओढते. शिंगवाल्या शिपायांना जाळीतून आत जाता येत नाही. पोरं गप्प होऊन बघत राहायची, आणि वर्गात गप्प न बसणारी पोरं होती ती. दुसरा शत्रू मायक्रोमस. त्याची अळीही मावा खाते आणि मोठा झालेला किडाही. शिवाय एन्कार्शिया नावाची डोळ्याला जेमतेम दिसणारी गांधीलमाशी, जी माव्याच्या अंगात अंडं घालते. ती ईशान्येकडून आणून महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सोडली गेली आणि इथे रुजली.

शत्रू होते, तर मग फड काळे का पडले? कारण शत्रू उशिरा येतो. तो नेहमीच उशिरा येतो, त्याला इलाज नाही. मावा आला, वाढला, तरच डिफाची मादी तिथे अंडी घालायला येणार. तिला नर लागतो, अंडी उबावी लागतात, अळीला कोष करावा लागतो. माव्याला यातलं काहीच नाही. मधल्या काळात शेतकऱ्याला दिसतो तो फक्त मावा. उभ्या पिकाची माती होताना धीर धर म्हणणं व्यासपीठावरून सोपं आहे; सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर असतं. त्याने मॅलॅथिऑन मारलं. दहा-बारा फूट वाढलेल्या उसात फवारा पानाच्या खालच्या बाजूला धड पोचत नाही. मावा थोडा मेला, शत्रूही मेले. उरलेला मावा पुन्हा लगेच वाढला, कारण त्याला तेवढंच येतं. शत्रूला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

हे गणित इटलीत फार आधी सुटलं होतं, आणि तेही मासळी बाजारात. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी कमी झाली. पुढे प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो द'अन्कोना यांनी बाजारातल्या नोंदी पाहिल्या तर युद्धकाळात शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं. त्यांनी ते कोडं आपल्या सासऱ्यांना घातलं. सासरे विटो व्होल्टेरा, मोठे गणिती. १९२६ मध्ये त्यांनी उत्तर छापलं. भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारत राहिलं, तर सरासरीने फायदा भक्ष्याचा होतो. मारणं थांबवलं की फायदा भक्षकाचा. त्या दोन समीकरणांत मासळीच्या जागी मावा आणि जाळ्याच्या जागी फवारणीचा पंप घाला, बाकी काही बदलावं लागत नाही.

इथे मात्र आपल्या शेतकऱ्यांना श्रेय द्यायला हवं. डिफा कसा दिसतो हे एकदा कळल्यावर लोकांनी स्वतःच पानांचे तुकडे कापून त्याच्या अळ्या-कोष एका फडातून दुसऱ्या फडात नेले. धारवाडचं कृषी विद्यापीठ, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राहुरीचं कृषी विद्यापीठ, बेंगळूरची जैविक नियंत्रणाची संस्था, सगळ्यांनी तेच सांगितलं: हेक्टरी हजारभर डिफा सोडा आणि मग औषध मारू नका. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारी यंत्रणा एकाच वेळी एकच गोष्ट सांगताहेत, हा योग आमच्या भागात विरळा. मावा आजही आहे. ढगाळ, दमट हवा पडली की एखाद्या फडात दिसतो, आणि बहुतेक वेळा शत्रू त्याच्या मागोमाग असतो.

उसाने आणखी एक पाहुणा आणला. बेळगावकरांना २०२२ चा ऑगस्ट आठवत असेल. जाधवनगरात बिबट्याने एका गवंड्यावर हल्ला केला आणि मग तो गोल्फ मैदानाच्या झाडीत दिसला. सापळे, कॅमेरे, ड्रोन, सक्रेबैलूच्या कॅम्पातून आणलेले हत्ती, आसपासच्या शाळांना सुट्या. बिबट्या कुणाला सापडला नाही. सीमाप्रश्नावर ज्यांचं कधी पटलं नाही अशी माणसं त्या महिन्यात चहाच्या टपरीवर बिबट्यावर एकमताने बोलत होती.

बिबट्याला जंगल हवं ही आपली समजूत. त्याला हवी असते आडोशाची जागा आणि खायला काहीतरी. बारा-चौदा महिने उभा राहणारा ऊस आडोसा देतो. खाण्याची सोय गावोगावची भटकी कुत्री करतात. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून पाहिलं, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे निघाले, तेही शेतीच्या, भरवस्तीच्या भागात. त्यांच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. इतके बिबटे असून तिथे माणसांवर हल्ले जवळपास नव्हते. उलट जुन्नरकडे २००१ नंतर हल्ले वाढले, ते बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याच्या मोहिमेनंतर. आपल्या इलाख्यात वाढलेल्या बिबट्याला कुठला बांध कधी मोकळा असतो आणि माणसं कुठून जातात हे ठाऊक असतं. ते शिकायला त्याला वर्षं लागतात. पिंजऱ्याची गाडी त्याला एका रात्रीत अनोळखी मुलखात नेऊन सोडते, आणि रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा कोवळा आणि बेरकीपणा न आलेला बिबट्या घेतो. म्हणून ऊसतोडीत पिल्लं सापडली की ती तिथेच क्रेटमध्ये ठेवून आईला नेऊ देणं, हा वनखात्याने गेल्या काही वर्षांत उचललेला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. आई बहुतेकदा रात्री येते आणि घेऊन जाते.

कृष्णेकडे, रायबाग-अथणीच्या माळांवर गेलात की बिबट्या मागे पडतो आणि लांडग्याचा मुलूख लागतो. लांडगा म्हटला की मेंढरं आली, आणि मेंढरं म्हटली की मेंढपाळ संत बाळूमामा; इथून जवळच्या अक्कोळला १८९२ मध्ये त्यांचा जन्म झाला. आदमापूरला त्यांची समाधी आहे आणि त्यांच्या मेंढरांचे बग्गे आजही गावोगाव फिरतात. आपल्या रानात मामांची मेंढरं बसावीत म्हणून लोक वाट बघतात. श्रद्धेचा भाग आहेच, पण लेंडी आणि मूत रानात मुरलं की पुढचं पीक बोलतं. मेंढरांमागे बगळे आणि कोतवाल येतात, पायांनी उठलेले किडे टिपतात. हिवाळ्यात हिमालयापलीकडून आलेले परीट त्यात भर घालतात. आणि रात्री, जाळीची वाघर लावून आत मेंढरं बसली की बाहेर लांडगा येतो.

पूर्वी तो काळविटांवर जगायचा. काळवीट गेले, लांडगा मेंढरांवर आला. धनगराला लांडगा नको असतो, कुत्री आणि काठी घेऊन तो रात्र जागवतो. पण कोकरू नेलं म्हणून विष घालून सगळी जात संपवावी असं जुन्या धनगरांत फारसं ऐकू येत नाही. ते नुकसान धंद्यातलं धरलेलं असतं. मला हे कौतुकाचं वाटतं आणि थोडं अन्यायाचंही. लांडगा सगळ्या समाजाचा आणि त्याचा खर्च फक्त मेंढपाळाने सोसायचा, हे कुठल्या न्यायात बसतं? भरपाईचे कागद करायला फिरत्या माणसाकडे पत्ता नसतो.

लांडग्याचा नवा शत्रू मात्र त्याच्याच रक्ताचा आहे. माळ उसाखाली गेले, उपसा सिंचन आलं, कोंबड्यांच्या आणि खाटीकखान्याच्या कचऱ्यावर भटकी कुत्री वाढली. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. बंदुकीने किंवा विषाने जात संपते हे आपण ओळखतो. लग्नाने संपते, हे ओळखायला पिढ्या जाव्या लागतात, आणि तोवर माळावर जे उरतं ते लांडग्यासारखं दिसणारं काहीतरी असतं.

जाता जाता एक कामाची गोष्ट, कारण खाली बसलेल्यांतले निम्मे लोक शेतकरी आहेत. गेली काही वर्षं आपल्या भागात हुमणीने ऊस आडवा होतोय. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि बाभळी-कडुनिंबावर पाला खायला बसतात. तेव्हा गावाने मिळून फांद्या हलवून ते गोळा केले तर अंडी पडायच्या आधीच निम्मं काम होतं. एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या बाभळीवरचे भुंगेरे तुमच्या रानात येतात. आणि नांगरट. नांगरामागे बगळे, मैना, कावळे उघड्या पडलेल्या हुमण्या वेचत चालतात, हे आपल्या वडिलांनी रोज पाहिलं. आता ट्रॅक्टर भाड्याचा, तो मिळतो तेव्हा मिळतो, बऱ्याचदा रात्री. रात्री नांगरलेल्या रानात बगळा नसतो. सकाळी तो येईपर्यंत हुमणी पुन्हा मातीत गेलेली असते. ट्रॅक्टरवाल्याला सांगून बघा, दिवसा ये म्हणून. थोडे पैसे जास्त मागेल, द्या.

प्रश्न असतील तर आता विचारा. ज्यांना शेवटची एसटी पकडायची आहे त्यांनी आधी विचारावेत.